माया

कापड कमी करायच्या दोनच रीती मला ठाऊक.
एक कात्री.
दुसरी आतून टीप.

बिराजदारांच्या दोघी जावा माझ्याकडे शिवतात.
अशोक चौकात, जिन्याखाली,
एक मशीन, एक स्टूल, एक पंखा,
तो एप्रिलात गरम हवाच इकडची तिकडे करतो.
थोरलीचं माप बावीस वर्षं माझ्या वहीत आहे:
अडतीस, एक्केचाळीस, सेहेचाळीस,
होळीनंतर पारा चढावा आमच्या सोलापुरात
तसे आकडे चढलेले.

महानंदानं कात्री घेतली.
पोटावर पाच बारीक खुणा,
काज करायच्या आधी आपण खडूनं टिंब देतो तशा.
"पिशवी होती गं, तिचं केळं उरलंय," म्हणाली.
आधी पातळ, मग वाटीभर वरण, तेही चमच्या चमच्यानं.
कडक भाकरी आता ती आमटीत कुस्करत नाही,
हातात धरते, वास घेते, नातवाला देते.
केस गेले ओंजळभर.
गोळ्या जन्माच्या.
पण साखर उतरली,
गुडघे बोलायचे थांबले,
आणि सिद्धेश्वराच्या तळ्याला ती फेरी मारते
कुठेही न टेकता.

विजयालक्ष्मी सुईला भीत नव्हती, कात्रीला भ्यायची.
दर शुक्रवारी पेन.
फ्रिजमध्ये ताकाच्या शेजारी ठेवलेलं,
पोटाला चिमटा, टिच्, झालं.
पहिले दोन महिने मळमळली,
फोडणीचा वास आला की गच्चीत पळायची.
मग एकदा माझ्या स्टुलावर बसून हळूच म्हणाली,
"शेंगाचटणीचा डबा उघडला ना,
तरी आतून कुणी हाकच मारत नाही बग."
तिला आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं,
मला अजून कळलेलं नाही.

थोरलीचे ब्लाउज मी कापले.
"काही ठेवू नको आत," ती म्हणाली,
"मला मागं जायचं नाही."
धाकटीचे दाबले,
दोन्ही बगलांत बोटबोटभर माया सोडून.
तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

गल्ली दोघींनाही एकच बोलते:
सोप्पा रस्ता धरला.
भूल उतरताना दात वाजले ते गल्लीनं ऐकलं नाही.
गच्चीतली ओकारीही नाही.
मीसुद्धा म्हणाले होते, खोटं कशाला बोलू,
चहाच्या गाड्यावर, एकदा.

ज्येष्ठात पोराच्या कॉलेजची फी आली.
त्याच महिन्यात टॉवेलच्या कारखान्यात
दोन पाळ्यांची एक झाली.
पेन थांबलं.
आणि गावाला गेलेली भूक
पिशव्या घेऊन परत आली, आपलंच घर असल्यासारखी.

परवा दोघी बरोबर आल्या.
थोरली चिंध्यांच्या पोत्याकडे बघत होती.
"कापलेलं काय करतीस?"
उशीत भरते, म्हटलं.
हसली. "माझं त्यांनी कुठं टाकलं कोण जाणे.
उशी तरी झाली असती."
मग धाकटीकडे वळून,
"तुला सोडवता येतंय. मला येत नाही.
कधीकधी रात्री वाटतं, यायला पाहिजे होतं."
धाकटी म्हणाली, "आणि मला वाटतं,
एकदाच कापून मोकळी झाले असते."
यावर तिघी गप्प बसलो.
पलीकडच्या बोळात माग चालू होते,
खटक, खटक.

मी हिरवा ब्लाउज उलटा केला,
ब्लेडनं टीप उसवली.
आतली माया मोकळी झाली:
ऊन न लागलेली, घाम न लागलेला,
अगदी दुकानातल्या ताग्यासारखा रंग.
बाहेरचा केव्हाच विटलेला.
विजयालक्ष्मी त्या दोन पट्ट्यांवरनं
अंगठा फिरवत राहिली.
"हे तू आधीच ठेवलेलं?"

मी दोरा ओवत होते.
सुईचं नेढं सापडेना.
माझं स्वतःचं माप त्या वहीत कुठंच नाही,
हे तिला कसं सांगायचं
तेही सापडेना.